शर्यतीच्या तारखेपासून मागे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली बरीच वर्षं मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंबरोबर असते. त्यांच्या कॅम्पमध्ये, प्रवासात, स्पर्धेच्या गावी. घरच्यांना वाटतं की मी पाय चोळून देते. तेही करतेच. पण या कामाचा गाभा राखण करणं हा आहे, असं मला अनुभवाने पटलं आहे. खेळाडूचं शरीर, झोप, वेळ आणि नाव, सगळंच राखावं लागतं. प्रशिक्षक, डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मसाज करणारा, कागदपत्रं सांभाळणारा मॅनेजर अशी आम्ही पाच-सहा माणसं मिळून ते करतो. एका मुलीच्या एका मोसमाच्या आधाराने ते कसं चालतं ते सांगते. तिचं नाव सांगत नाही, कारण तिच्या शरीराबद्दल बरंच काही या लेखात येणार आहे.

ती सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातली. तीन हजार मीटर स्टीपलचेस पळते. या शर्यतीत २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा पाण्यावरून उडी मारायची. मुलींसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. हर्डल्समधला अडथळा पायाचा धक्का लागला की पडतो. स्टीपलचेसचा पडत नाही. तो लाकडाचा जड ओंडका असतो. गुडघा आपटला तर गुडघाच फुटतो. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब. ओंडक्यावर एक पाय टेकवून उडी घ्यायची आणि खड्ड्याच्या उथळ कडेला एका पायावर उतरायचं, तेही ओल्या स्पाइक्सनी. दम लागलेला असताना तोच पाय सातही वेळा सगळं वजन झेलतो. म्हणून माझं निम्मं लक्ष तिच्या त्या एका पायावर असतं.

आमच्या प्रशिक्षकांच्या, म्हणजे सरांच्या, खोलीत भिंतीवर मोठं कॅलेंडर आहे. मोसमाची आखणी सुरू होते तेव्हा सर सर्वांत आधी मुख्य स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या तारखेवर लाल गोल करतात आणि तिथून मागे मोजत येतात. शेवटचे दहा-बारा दिवस टेपर, म्हणजे किलोमीटर जवळजवळ निम्मे आणि वेग मात्र तोच. त्याआधी स्पर्धेच्या वेगाचे इंटरव्हल आणि पाण्याच्या उडीचा सराव. त्याआधी उंचीवरचा कॅम्प. त्याच्याही आधी हिवाळ्यातले लांब पल्ल्याचे, कंटाळवाणे, सगळ्यांत मोलाचे आठवडे. कागदावर हे फार नीटस दिसतं. अडचण येते ती पात्रतेपाशी.

मोठ्या स्पर्धेला जायचं तर ठरलेली वेळ पळून दाखवावी लागते किंवा जागतिक रँकिंगमध्ये वर असावं लागतं. पॅरिस ऑलिंपिकसाठी स्टीपलचेसची पात्रता वेळ पुरुषांना ८ मिनिटं १५ सेकंद आणि महिलांना ९ मिनिटं २३ सेकंद होती. अशी वेळ एकटीने पळून येत नाही. सोबत तोडीच्या धावपटू लागतात, हवा थंड लागते. आपल्याकडच्या महत्त्वाच्या स्पर्धा बऱ्याचदा उन्हाळ्यात येतात. संध्याकाळी उशिरासुद्धा ट्रॅकमधून वाफ येते आणि शेवटच्या दोन लॅपमध्ये पाय शिशाचे होतात. म्हणजे निवडीसाठी एकदा पूर्ण जोर लावायचा आणि काही आठवड्यांनी मुख्य स्पर्धेत पुन्हा त्याच उंचीवर यायचं. शरीर वर्षातून अशी शिखरं फार वेळा देत नाही. निवड चाचणीत भन्नाट पळालेली आणि मुख्य स्पर्धेत हिटमध्येच बाहेर पडलेली मुलं मी पाहिली आहेत. लोक म्हणतात, बाहेर गेलं की आपली पोरं घाबरतात. बहुतेक वेळा ती घाबरलेली नसतात, दमलेली असतात.

२०२६ चंच वर्ष घ्या. ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा २३ जुलै ते २ ऑगस्ट, आणि जपानमध्ये आइची-नागोयाला आशियाई क्रीडा स्पर्धा १९ सप्टेंबरपासून. ब्रिटनचं उन्हाळ्यातलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे, जपानचं साडेतीन तास पुढे. ज्याला दोन्हीकडे पळायचं आहे त्याच्या झोपेला दोन महिन्यांत आधी एकीकडे आणि मग आठ तास दुसरीकडे सरकायचं आहे. शरीराला साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो, असा आमचा व्यवहारातला हिशेब. त्यामुळे कोणती स्पर्धा खरी आणि कोणती तिच्या वाटेवरची, हे आधीच ठरवावं लागतं. ते ठरवणं प्रशिक्षकाच्या जिवावर येतं, कारण पदक दोन्हीकडे दिसत असतं.

आमच्या मुलीच्या त्या मोसमात मुख्य स्पर्धा आशियाई पातळीवरची होती. उंचीवरचा कॅम्प उटीला ठरला. उटी सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेतला प्राणवायू विरळ, म्हणून काही आठवड्यांत शरीर आपणहून तांबड्या पेशी वाढवतं. काही लोक हेच काम इंजेक्शनने करायला जातात आणि आयुष्यातून उठतात. पण पेशी तयार व्हायला लोह लागतं. आपल्या ग्रामीण भागातल्या मुलींच्या शरीरात तेच कमी असतं. नुसतं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. साठवणीतलं लोह दाखवणारी फेरिटिनची तपासणी करावी लागते. हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन तळाला, असं चित्र मुलींमध्ये वारंवार दिसतं. अशा मुलीला उंचीवर नेणं म्हणजे पैसे आणि मुलगी दोन्ही दमवणं. आमच्या मुलीचं फेरिटिन आम्ही जानेवारीतच पाहिलं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि दुसऱ्या तपासणीत आकडा वर आल्यावरच उटीची तिकिटं काढली.

कॅम्पात रोज सकाळी एक वही फिरते. उठल्याबरोबरची नाडी, झोपेचे तास, वजन, अंगदुखी दहापैकी किती, पाळीची तारीख. पाळीचा रकाना मी आग्रहाने ठेवला आहे. कॅम्पात पाळी बंद झाली की अनेक मुलींना बरंच वाटतं, आणि काही प्रशिक्षकांनाही. खरं तर ती धोक्याची घंटा असते. जेवढं जाळते तेवढं ती खात नाही, म्हणून शरीर एकेक खातं बंद करत चाललं आहे, असा त्याचा अर्थ. पुढे त्याची किंमत हाडं देतात. सर पुरुष आहेत. सुरुवातीला या रकान्याबद्दल बोलताना त्यांना अवघडायचं. आता मुलगी स्वतःच येऊन सांगते, "सर, दोन महिने झाले, आली नाही," आणि सर लगेच आहारतज्ज्ञांना फोन लावतात. एवढा मोकळेपणा आला की निम्मी दुखणी टळतात.

वही मात्र सगळं सांगत नाही. आमची मुलगी दुखण्याच्या रकान्यात कायम एक लिहायची. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय नाय ताई, बरं हाय." दुखतं म्हणून सांगितलं तर कॅम्पातून घरी पाठवतील, ही भीती या मुलांच्या हाडीमाशी असते. म्हणून मी तिच्या तोंडाकडे कमी आणि पायाकडे जास्त बघते. वॉर्मअपनंतर एका पायावर टाचा उचलायला लावते. उजव्या पायावर चोवीस-पंचवीस होतात आणि डाव्यावर अठराला पोटरी थरथरते, तर तिथे काहीतरी आहे. एका सकाळी तिने डाव्या पायावर चार-पाच उड्या मारल्या आणि उतरताना किंचित बाहेरच्या कडेवर वळली. मी तिला बाकावर बसवलं आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा हळूहळू दाबत खाली आणला. स्नायू दुखत असला तर लांबवर, पसरट दुखतं. हाड दुखत असलं तर एका बोटाएवढ्या जागी. घोट्याच्या वर चार बोटांवर अंगठा टेकला आणि तिने ओठ आवळले. "इथंच?" म्हटलं तर डोळ्यांत पाणी. मुख्य स्पर्धेला तेव्हा काही आठवडेच उरले होते.

एमआरआयमध्ये हाडाला सूज दिसली, तडा नव्हता. म्हणजे वेळेत हाती लागलं होतं. त्या संध्याकाळी सर, डॉक्टर आणि मी बसलो. पळणं बंद, पाण्यात कमरेला पट्टा बांधून तोच इंटरव्हल, तेवढ्याच मिनिटांचा, तेवढ्याच नाडीवर. दिवसातून दोनदा. तलावात पळताना आजूबाजूला कुणी नसतं, पुढे जाताना काही दिसत नाही, फक्त घड्याळ चालू असतं. मी काठावर बसून वेळ द्यायचे आणि तिच्याशी बोलत राहायचे. घरून फोन यायचे, बातमी पसरली होती, एक-दोन ओळखीच्यांनी "एक इंजेक्शन घेऊन टाक, पळता येईल" असा सल्लाही दिला. दुखणं दाबून पळाली असती तर सुजेचा तडा झाला असता आणि पुढचं सगळं वर्ष गेलं असतं. तिचे वडील मात्र फोनवर मला एवढंच म्हणाले, "ताई, पोरगीचा पाय आधी, शर्यत मागनं." घरून असा शब्द आला की आमचं काम हलकं होतं.

आता नाव राखण्याबद्दल. शर्यत जिंकूनही खेळाडूचं नाव एका औषधाच्या बाटलीने जाऊ शकतं. आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या अनेक औषधांत टर्ब्युटलीन असतं. ते प्रतिबंधित आहे, स्पर्धा असो वा नसो. गावी गेलेल्या मुलीला खोकला होतो, आई मायेने दोन चमचे पाजते, आणि चार दिवसांनी नमुना घेणारा अधिकारी दारात उभा राहतो. म्हणून आमचा नियम असा की तोंडात जाणाऱ्या प्रत्येक औषधाच्या वेष्टनाचा फोटो आधी डॉक्टरांना. चूर्ण, काढा, "शक्तीची" पावडर, सगळ्यांचा. ज्यावर घटक पूर्ण लिहिलेले नाहीत ते घ्यायचंच नाही. एकदा तिच्या आईने रात्री साडेदहाला मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे चालतं का?" ती माउली फारशी शिकलेली नाही, पण कोणत्याही कार्यशाळेपेक्षा मला तो एक प्रश्न मोठा वाटला.

उत्तेजक चाचणीच्या मोठ्या यादीतल्या खेळाडूला रोज एक तास असा जाहीर करावा लागतो, ज्या तासात ती सांगितलेल्या ठिकाणी सापडलीच पाहिजे. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की नियमभंग, मग तिने काही घेतलेलं असो वा नसो. यात्रेला गेली, मावशीकडे मुक्काम झाला, गावात रेंज नाही, अशा साध्या कारणांनी मुली अडकतात. आमची मुलगी पहाटेचा तास देते, कारण त्या वेळी ती अंथरुणात किंवा मैदानावरच असते. आणि बसमध्ये चढण्याआधी नवा पत्ता भरते. सुयांचंही तसंच. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सुयांसंबंधीचा नियम मोडल्याबद्दल आपल्या दोन अॅथलीट्सना मायदेशी परत पाठवण्यात आलं होतं. त्या घटनेनंतर मी माझी बॅग विमानतळावर जायच्या आधी स्वतः रिकामी करून पुन्हा भरते, आणि प्रत्येक मुलीलाही समोर बसवून तेच करायला लावते.

प्रवासात स्पाइक्स कायम हातातल्या सामानात. बॅग हरवली तर कपडे उसने मिळतात; वापरून पायाला बसलेले स्पाइक्स मिळत नाहीत. भालाफेकीच्या आणि पोल व्हॉल्टच्या मुलांची याहून अवघड गत. त्यांची लांबलचक नळकांडी विमान कंपनीच्या काउंटरवर मॅनेजरला पुन्हापुन्हा समजावून द्यावी लागतात. खाण्यासाठी आम्ही त्या देशात न्यायला परवानगी असेल तेवढंच नेतो. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि छोटा भाताचा कुकर. स्पर्धेच्या गावातलं जेवण उत्तम असतं, पण आदल्या रात्री पोटाला ओळखीचं लागतं. मऊ भात, मेतकूट, तूप. ते खाऊन ती नीट झोपते, आणि झोप हीच त्या रात्रीची तयारी.

शर्यतीच्या दिवसाचा कागदही मागे मोजूनच होतो. शर्यत अमुक वाजता, त्याआधी कॉल रूम, त्याआधी वॉर्मअप, त्याआधी माझ्या टेबलावर वीस मिनिटं, त्याआधी बस, त्याआधी शेवटचं खाणं. त्या वीस मिनिटांत मी नवं काहीच करत नाही. तीच पट्टी, तोच दाब, तोच क्रम. शर्यतीच्या दिवशी शरीराला आश्चर्य नको असतं. कॉल रूममध्ये स्पाइक्सचे खिळे तपासतात, कृत्रिम ट्रॅकवर ट्रॅकच्या शर्यतींना नऊ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत. बिब बघतात, फोन ठेवून घेतात. त्या दाराच्या आत आमच्यापैकी कुणाला जाता येत नाही. सरांना तर त्या स्पर्धेत ओळखपत्रही नव्हतं, कारण संघाबरोबर जाणाऱ्या माणसांची संख्या ठरलेली असते. ते तिकीट काढून पाण्याच्या खड्ड्यासमोरच्या गॅलरीत बसले, कारण तिथून त्यांचा आवाज तिच्यापर्यंत पोचतो.

ती पाचवी आली. पदक नाही, पण तिच्या आजवरच्या सर्वांत चांगल्या वेळेत, सातही उड्यांना पाय नीट पडून. मला सहाव्या उडीची भीती होती, दम सगळ्यांत जास्त तिथेच तुटतो. तिथेही तिचा डावा पाय सरळ उतरला. तलावातल्या एकेका तासाचं मोल मला तेव्हा दिसलं. शर्यत संपल्यावरही आमचं काम संपत नाही. तिला नमुना द्यायला बोलावलं. किमान ९० मिलिलिटर लघवी लागते, आणि उन्हात पळून सुकलेल्या शरीरातून ती येत नाही. फार पाणी प्यायलं तर नमुना पातळ भरतो आणि पुन्हा थांबावं लागतं. आम्ही दोघी सीलबंद बाटल्यांमधलं पाणी घोट घोट पीत बसलो. हॉटेलात पोचेपर्यंत रात्र झाली होती आणि दोन दिवसांनी दुसरी शर्यत नव्हती, हे नशीब. असती तर त्या जागरणाचाही हिशेब करावा लागला असता.

परत आल्यावर सत्कार सुरू झाले. गाव, तालुका, शाळा, मंडळ. माणसांचं प्रेम खरं असतं, ते मी कमी लेखत नाही. उघड्या जीपवर पोरगी बघून गावातल्या चार मुली पळायला लागतात, हेही मी पाहिलं आहे. पण मोसमानंतरचे ते आठवडे हाडं भरून येण्याचे असतात. रोज शंभर-दीडशे किलोमीटरचा प्रवास, तासन्‌तास व्यासपीठावर उभं राहणं, अवेळी जेवण, यात ते वाया जातात. आम्ही दोन दिवस ठरवून दिले, सगळे सत्कार त्यात बसवायला सांगितले आणि बाकीच्यांना मॅनेजरने हात जोडून नकार कळवला. काहींना राग आला. तो आम्ही पत्करला, कारण तो पत्करणं हा आमच्या कामाचा भाग आहे.

आपल्या मातीत ही शर्यत रुजते हे आता सिद्ध करायचं उरलेलं नाही. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ ला रिओमध्ये हिटमध्ये ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली आणि दहाव्या आल्या. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी भारताला पी. टी. उषांनंतर ३२ वर्षांनी दिसली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. सुवर्ण त्यांच्यापासून पाच शतांश सेकंद दूर होतं. पुढे पॅरिसमध्ये ते ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय पुरुष स्टीपलचेसर झाले. दोघंही पावसाची वाट बघणाऱ्या गावांतून आले. पाच शतांश सेकंद म्हणजे किती, ते मी रोज वहीत बघते. एक रात्र चांगली झोप, अडथळ्यावर अर्धं पाऊल कमी, वेळेत पाहिलेलं फेरिटिन.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ही राखण आज खेळाडू राष्ट्रीय कॅम्पात आल्यावर मिळते, म्हणजे वीस-बाविसाव्या वर्षी. तोवर डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी पळून अनेकींच्या नडग्या गेलेल्या असतात, रक्त कमी असतं, आणि ज्या थांबल्या त्यांची नावं आपल्यापर्यंत येतच नाहीत. जिल्हा क्रीडा संकुलात आठवड्यातून दोन दिवस बसणारी एक फिजिओ, वर्षातून दोनदा रक्ततपासणी, बुटांचा एक जोड आणि मुलींना पाळीबद्दल न लाजता विचारणारी एक बाई, एवढं चौदाव्या वर्षापासून मिळालं तर कॅम्पात येणाऱ्या मुलींची रांग लांब होईल. सत्काराची एक कमान, एक मंडप आणि जेवणावळ यांच्या खर्चात एका तालुक्याच्या मुलींची वर्षभराची तपासणी होते. ज्या मंडळांनी आमच्या मुलीला शाल दिली, त्यांतल्या एकाला मी हेच सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनी गावातल्या पळणाऱ्या सगळ्या मुलींचं रक्त तपासून घेतलं आणि अहवाल मला पाठवले. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलींना लोह हवं होतं, आणि आता ते त्यांना मिळतं आहे.